घरच्या घरी प्रोजेक्टरचा पडदा: कापड, सनमायका की रंगवलेली भिंत?

उंबरठा
दिवाळीत घरी प्रोजेक्टर आला. १०८०पी आहे आणि उत्पादकाने त्याचा प्रकाश ८०० एएनएसआय ल्युमेन (म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला) दिला आहे. दिवाणखाना बारा बाय सोळा फुटांचा असून बारा फुटी भिंतीवर चित्र पाडायचे आहे आणि सोफा तिच्यापासून साधारण बारा फुटांवर येतो. उजव्या हाताला पश्चिमेकडची खिडकी आहे. रात्री चित्रपट पाहायचे आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी क्रिकेटचा सामना, एवढाच वापर होणार आहे.

तयार पडद्यांच्या किमती पाहिल्यावर पडदा घरीच करावा असे ठरवले आहे. चौकशी केली तेव्हा चौघांनी चार उपाय सांगितले: भिंत रंगवून घ्या, ब्लॅकआउट अस्तराचे कापड चौकटीवर ताणा, पांढरी सनमायका लावा, किंवा फ्लेक्सवाल्याकडून कोरा फ्लेक्स आणा. पाच हजारांच्या आत नीट काम व्हावे अशी इच्छा आहे. ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष केले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल. पडदा पांढरा असावा की करडा, याबद्दलही दोन टोकांची मते ऐकली, तेव्हा त्यावरही कृपया लिहावे.

निवांत
पांढरी चादर आणि चार खिळे. पाच हजारांपैकी चार हजार नऊशे नव्वद वाचले, त्यांची भेळ खावी.

सुतारपक्षी
निवांत यांचा सल्ला एका रात्रीपुरता ठीक आहे, पण चादरीचे तीन दोष आहेत. ती पातळ असल्याने बराच प्रकाश आरपार जातो आणि तेवढ्या प्रमाणात चित्र मंद होते. मागे पांढरी भिंत असेल तर त्यातला थोडा प्रकाश परत येऊन कडा पुसट करतो. दुसरे म्हणजे सुरकुत्या, ज्या कॅमेरा आडवा सरकणाऱ्या दृश्यात हमखास दिसतात. तिसरा दोष खास आपल्याकडचा आहे: धुताना नीळ घातलेल्या चादरीचा निळसर रंग माणसांच्या चेहऱ्यांवर उतरतो. प्रोजेक्टरच्या रंगजुळणीतून तो काही अंशी काढता येतो, पण मुळात कशाला ओढवून घ्यायचा?

उंबरठाताई, मी कापडाच्या बाजूचा आहे. मात्र साहित्य ठरवण्याआधी माप ठरवा आणि माप ठरवण्याआधी प्रोजेक्टर त्याच्या कायमच्या जागी बसवा. पुष्कळ प्रोजेक्टरांमध्ये चित्र भिंगाच्या रेषेच्या किती वर किंवा खाली पडेल हे कारखान्यातच ठरलेले असते. आधी पडदा टांगला आणि मग प्रोजेक्टर लावला, की चित्र वरखाली जाते, आणि मग लोक कीस्टोन, म्हणजे चित्राचा आकार बदलणारी प्रोजेक्टरमधली सोय, वापरून ते ओढूनताणून चौकोनी करतात. त्यात चौकटीच्या कडेचे पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांची धार बोथट होते. म्हणून प्रोजेक्टर सरळ बसवून चित्र कोऱ्या भिंतीवर पाडावे, चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि आठवडाभर तसेच पाहावे. मोठे वाटते, लहान वाटते, मान दुखते, हे सगळे त्या आठवड्यात कळते.

आता कापडाबद्दल. पडद्यांच्या दुकानात मिळणारे ब्लॅकआउट अस्तर बहुतेक ५४ इंच पन्ह्याचे असते आणि हा पन्हाच तुमचे माप ठरवतो. १६:९ प्रमाणात १०० इंच कर्णाच्या चित्राची उंची ४९ इंच असते, म्हणजे वरखाली चौकटीवर दुमडायला अडीच-अडीच इंचच उरतात आणि ताणताना हात आखडतो. ९२ इंच कर्णाला उंची ४५ इंच, म्हणजे दोन्हीकडे साडेचार इंच मिळतात. तुमच्या बारा फुटांच्या अंतराला ९२ इंच पुरेसे आहे. जोड दिलेले कापड घेऊ नये. शिवण कितीही सफाईदार असली तरी पांढऱ्या दृश्यात दिसते. काही दुकानांत ११० इंच पन्ह्याचेही कापड असते. ते मिळाले तर पन्ह्याचा प्रश्नच उरत नाही.

कापडात दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये काळा थर असलेला प्रकार मागावा. त्यातून प्रकाश आरपार जात नाही. एक बाजू विणीची आणि दुसरी लेप दिलेली असते. दुकानातच मोबाइलचा दिवा तिरका धरून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि जिच्यावर चकाकी व पोत कमी ती समोर ठेवावी.

रंगरेषा
चौकट आणि कापड असा एवढा खटाटोप करण्यापूर्वी भिंतीचा विचार करावा असे मी सुचवेन. भाड्याचे घर नसेल तर याहून स्वस्त काही नाही. फक्त "पांढरा रंग मारला" एवढ्याने काम होत नाही. आपल्याकडच्या गिलाव्याच्या भिंती डोळ्यांना सपाट वाटतात, पण रात्री दिवे घालवून बॅटरी भिंतीलगत तिरकी धरा म्हणजे किती लाटा आहेत ते दिसेल. गवंड्याची लांब पट्टी लावून खोलगट भाग शोधावेत, पुट्टीचे दोन हात द्यावेत, पहिल्या हातानंतर जाडसर आणि दुसऱ्यानंतर बारीक पॉलिश पेपरने घासावे, मग प्रायमर आणि त्यावर पूर्ण मॅट इमल्शन. लस्टर किंवा सॅटिन चुकूनही घेऊ नये, कारण चकाकी असलेल्या पृष्ठभागावर प्रोजेक्टरच्या भिंगाचे प्रतिबिंब मध्यभागी उजळ डागासारखे दिसते. ब्रश वापरू नये. आखूड लवेच्या रोलरने एक हात उभा आणि एक आडवा द्यावा.

रंगवलेल्या आयताभोवती काळ्या मॅट रंगाचा तीन इंची पट्टा ओढला की चित्र एकदम उठून दिसते.

माडबन
रंगरेषा यांचे म्हणणे पुण्याच्या भिंतींना लागू असेल. आम्ही रत्नागिरीकडचे. इथे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, पुट्टीला फुगे धरतात आणि गणपतीपर्यंत पडद्याच्या मधोमध नकाशा उमटलेला असतो. पडद्याची भिंत बाहेरची आहे की दोन खोल्यांमधली, हे उंबरठाताईंनी आधी पाहावे.

कापडाच्या चौकटीलाही इथे दमटपणाचा त्रास होतोच. स्वस्त लाकूड पीळ खाते, आणि एक कोपरा भिंतीपासून सुटला की पडदा कायमचा वाकडा. म्हणून मी खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीची चौकट करून घेतली. तिच्यात स्टेपल बसत नाहीत, म्हणून कापडाच्या चारही कडा दुमडून शिवल्या, फ्लेक्सला लावतात तशा पितळी रिंगा ठोकल्या आणि मागून इलॅस्टिकची दोरी नागमोडी ओवली. कापड सैल पडले तरी दोरी ते ओढून धरते. वजनाला हलकी असल्यामुळे दोघांना सहज उतरवता येते आणि कापडाची मागची बाजू अधूनमधून कोरडी करता येते, नाहीतर बुरशीचे ठिपके येतात.

तिसरी घंटा
सर्वजण पृष्ठभागावर चर्चा करत आहेत, पण प्रकाशाचा हिशेब कोणीच मांडला नाही, म्हणून मांडतो.

प्रोजेक्टरचे ल्युमेन गुणिले पडद्याचा गेन, भागिले पडद्याचे चौरस फूट, असे केले की उजळपणा फूट-लॅम्बर्टमध्ये मिळतो. गेन म्हणजे पडदा समोरच्या दिशेला किती प्रकाश परत देतो त्याचे प्रमाण. चांगल्या मॅट पांढऱ्या पृष्ठभागासाठी ते १ च्या आसपास धरावे. चित्रपटगृहातील डिजिटल प्रक्षेपणासाठी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे सुमारे ४८ निट, हे मानक आहे. ९२ इंच पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस फूट, म्हणजे ८०० ल्युमेनला ३२ फूट-लॅम्बर्ट मिळतात. रंग अचूक दाखवणारा सिनेमा मोड आणि दिव्याची बचत सुरू केली की हा आकडा सहज निम्म्यावर येतो, तरीही अंधाऱ्या खोलीत तो मानकाच्या वर राहतो. त्यामुळे या प्रोजेक्टरला जास्त गेनच्या चंदेरी रंगाची मुळीच गरज नाही. चंदेरी पृष्ठभागावर मध्यभाग उजळ आणि कडा मंद दिसतात, शिवाय आकाशासारख्या सपाट भागात चमचम दिसते. चित्रपटगृहांत चंदेरी पडदे असतात ते ध्रुवीकृत प्रकाशाच्या त्रिमिती चित्रपटांसाठी, कारण साधा पांढरा पडदा ध्रुवीकरण टिकवत नाही.

हाच हिशेब स्वस्त एलईडी प्रोजेक्टरला लावून पाहावा. खोक्यावर हजारो ल्युमेन छापलेले असतात, पण एएनएसआय पद्धतीने मोजल्यावर दोनशेच्या आसपास भरणारी यंत्रे बाजारात पुष्कळ आहेत. २०० ल्युमेनवर ९२ इंचांचा पडदा म्हणजे ८ फूट-लॅम्बर्ट. अशांनी ७० इंचांवर थांबावे, तिथे जवळजवळ १४ मिळतात. पडदा लहान करणे हा उजळपणा वाढवण्याचा एकमेव फुकट मार्ग आहे.

निवांत
खोक्यावरचे ल्युमेन आणि वधूवरसूचक मंडळातली उंची, दोन्हींतून काही वजा करूनच धरायचे असते.

आठ बाय चार
माझ्या सदस्यनामावरून पक्ष ओळखला असेलच. प्लाय आणि सनमायका दोन्ही आठ बाय चार फुटांत मिळतात. ४८ इंच उंचीला १६:९ प्रमाणात रुंदी ८५ इंच आणि कर्ण ९८ इंच होतो, म्हणजे उंचीच्या दिशेने एकही काप न देता जवळपास शंभरी गाठता येते. पांढऱ्या सनमायकाचा सुएड किंवा मॅट फिनिश घ्यावा. कापडाप्रमाणे तिला ताण द्यावा लागत नाही, सुरकुती पडत नाही, मुलांनी हात लावले तर ओल्या फडक्याने पुसता येते. माझ्या घरी दोन लहान मुले आहेत, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांच्या वर आहे.

सुतारपक्षी
सनमायकाचे गुण मान्य, पण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. प्लायच्या एकाच बाजूला सनमायका चिकटवली तर काही महिन्यांत फळी धनुष्यासारखी वाकते, म्हणून मागेही स्वस्तातली सनमायका लावून तोल साधावा लागतो. आणि १२ मिलिमीटरच्या आठ बाय चार प्लायचे वजनच वीस-पंचवीस किलो असते. दोन सनमायका, प्लाय, फेविकॉल आणि सुताराची मजुरी धरली तर पाच हजारांत बसणे कठीण आहे.

आठ बाय चार
तोल साधण्याचा मुद्दा बरोबर आहे, माझ्या सुतारानेही मागे सनमायका लावली होती. खर्च कमी करायचा तर सपाट भिंतीवर १ मिलिमीटरची सनमायका थेट लावता येते, पण मग भिंत पुन्हा रंगरेषा म्हणतात तितकी सपाट हवी. जाता जाता एक व्यावहारिक सूचना: आठ फुटी प्लाय लिफ्टमध्ये जात नाही. जिन्याच्या वळणावर ती वळते का, हे दुकानात पैसे देण्यापूर्वी पाहावे. एकटी सनमायका सैलसर गुंडाळून नेता येते.

पारवा
करड्या रंगाचा प्रश्न मागे पडला. मी भिंतीला फिकट करडा रंग दिला आणि काळा रंग खरोखर काळा दिसू लागला. प्रोजेक्टर काळा प्रकाश टाकू शकत नाही. त्यामुळे प्रकाश न पडता पडदा जसा दिसतो त्याहून काळे काही दिसणारच नाही, हे साधे तर्कशास्त्र आहे. खिडकीतून उजेड येणाऱ्या खोलीत करडाच पडदा हवा.

तिसरी घंटा
पारवा, तुमचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला खिडकीविषयीचा निष्कर्ष पटत नाही. करड्या पडद्याचा गेन ०.८ धरू. खिडकीतून पडद्यावर आलेला उजेड ०.८ पट होतो आणि प्रोजेक्टरचे चित्रही ०.८ पटच होते. दोहोंचे प्रमाण तेच राहिले, म्हणजे दुपारच्या सामन्यात धुवट दिसणारे चित्र धुवटच राहणार, वर थोडे अंधारे होणार.

करड्याचा खरा फायदा दुसऱ्याच ठिकाणी होतो. पडद्यावरून निघालेला प्रकाश पांढऱ्या छताला आणि बाजूच्या भिंतींना आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि चित्रातल्या काळ्या भागावर पसरतो. हा प्रकाश पडद्यावरून दोनदा परावर्तित झालेला असतो, म्हणून तो ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४ पट होतो, तर चित्र ०.८ पटच कमी होते. फिकट भिंतींच्या खोलीत करडा पडदा बरा वाटतो तो यामुळे. तुमच्या खोलीचे छत पांढरे आहे का?

पारवा
छतही पांढरे आणि भिंतीही पांढऱ्या. दोनदा परावर्तन होण्याचा विचार मी केला नव्हता. तरीही दुपारी मला पूर्वीपेक्षा बरे दिसते असे वाटते, आणि वाटण्यावर माझा हक्क मी राखून ठेवतो.

गच्चीवरचा
प्रकाश परावर्तित होऊन परत येतो हा मुद्दा पटला असेल तर करड्यावर पैसे घालवण्यापेक्षा पडद्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट गडद रंगाचे साधे पडदे टांगावेत. चित्रपट पाहताना ओढायचे, पाहून झाले की सारायचे. वर छताच्या पुढच्या भागाला गडद रंग देण्यास घरातून मान्यता मिळाली तर उत्तमच. आमच्याकडे तो ठराव दोनदा फेटाळला गेला आहे.

फ्लेक्सविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. काळ्या पाठीचा मॅट फ्लेक्स मागावा. रुंद पन्ह्यात मिळतो, त्यामुळे १२० इंचांचाही पडदा बिनजोड होतो, आणि रिंगा तेथेच ठोकून मिळतात. चौरस फुटाच्या भावाने विचार केला तर सर्वांत स्वस्त हाच पडतो. दोष असे की घडी घातली तर तिची रेघ कायमची बसते, म्हणून गुंडाळूनच आणावा; नव्या फ्लेक्सला काही दिवस प्लास्टिकचा वास येतो; आणि नेहमीच्या फ्लेक्सला चकाकी असते, तो घेऊ नये. गच्चीवर कोजागरीला लावायला यासारखे दुसरे काही नाही. दिवाणखान्यात मात्र मी कापडच घेईन.

निवांत
फ्लेक्स घेताना मागची बाजू तपासून घ्यावी. नाहीतर गंभीर प्रसंगी पडद्यामागून "भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" झळकायच्या.

एडिसनकर
आमच्या न्यू जर्सीत तळघरात होम थिएटर करणारे पुष्कळ आहेत. खिडक्या जवळपास नसल्याने उजेडाचा त्रास नाही, पण भिंती जिप्सम बोर्डाच्या असतात, आणि प्लायची जड फळी बोर्डाच्या आतल्या उभ्या लाकडी खांबांना स्क्रू करूनच टांगावी लागते. त्यामुळे इकडे कापडाची हलकी चौकट लोकप्रिय आहे. टांगण्यासाठी ४५ अंशांत कापलेल्या दोन लाकडी पट्ट्या वापरतात: एक भिंतीवर, उतार भिंतीकडे ठेवून, आणि दुसरी चौकटीमागे उलटी. चौकट वरून अडकवली की स्वतःच्या वजनाने घट्ट बसते आणि डावीउजवीकडे सरकवताही येते. भारतात ही युक्ती विटांच्या भिंतीवरही तशीच चालेल.

एक विचारायचे आहे. भिंतीलगत खाली ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरला असा कापडी पडदा चालेल का?

तिसरी घंटा
एडिसनकर, माझ्या मते नाही. त्या यंत्राचा प्रकाश खालून अतिशय तिरका येतो, त्यामुळे कापडाचा मिलिमीटरभर झोलही वरच्या कडेला लाटेसारखा दिसतो. त्याच्यासाठी ताठ पृष्ठभाग हवा, म्हणजे फार तर सनमायका. खालून आलेला प्रकाश प्रेक्षकांकडे वळवणारे आणि छताकडून येणारा उजेड अडवणारे खाचांचे पडदे त्यासाठीच निघाले आहेत, आणि त्या सूक्ष्म खाचा रंगाने किंवा कापडाने घरी करता येत नाहीत.

उंबरठा
सर्वांचे मनापासून आभार. सुतारपक्षी यांच्या सांगण्याप्रमाणे प्रोजेक्टर बसवून भिंतीवर खुणा केल्या. ९८ इंच सर्वांना आवडले, पण सासूबाईंना वरच्या ओळी पाहताना मान उंच करावी लागते, म्हणून ९२ इंचांवर एकमत झाले. भिंत बाहेरची आहे आणि मागच्या पावसाळ्यात तिला एका कोपऱ्यात ओल होती, त्यामुळे रंगरेषा यांची सूचना मागे ठेवली. पांढरे ब्लॅकआउट कापड, लाकडी चौकट आणि बाजूला गडद पडदे असे ठरले आहे. दुपारच्या सामन्यासाठी खिडकीलाच उरलेले ब्लॅकआउट कापड शिवून लावणार आहे.

आता दोन शंका आहेत. ८० इंच लांबीची आडवी पट्टी ताण दिल्यावर मध्ये वाकणार नाही का? आणि कापड ताणायला सुरुवात कोठून करायची?

सुतारपक्षी
वाकेल, म्हणून मध्यभागी एक उभा आधार द्यावा. मात्र तो चौकटीच्या पुढच्या कडेपासून अर्धा इंच मागे बसवावा, नाहीतर कापडावर त्याची उभी रेघ उमटते. याच कारणासाठी चौकटीच्या पट्ट्यांची आतली धार रंध्याने थोडी उतरती करावी, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकते. लाकूड चांगले वाळलेले पाइन किंवा सागाचे, दोन इंच बाय एक इंच, घ्यावे. कोपऱ्यांना गुण्या लावावाच, पण त्यावर विसंबू नये. दोन्ही कर्ण फितीने मोजावेत आणि ते सारखे भरल्यावरच एल पट्ट्यांचे स्क्रू घट्ट करावेत.

ताणताना कापड स्वच्छ जमिनीवर दर्शनी बाजू खाली ठेवून पसरावे आणि त्यावर चौकट ठेवावी. पहिली पिन वरच्या बाजूच्या मध्यभागी, दुसरी तिच्या समोर खालच्या मध्यभागी, मग डावा आणि उजवा मध्य. त्यानंतर प्रत्येक बाजूला मध्याकडून कोपऱ्याकडे दोन-दोन इंच सरकत, दर वेळी समोरासमोर पिना माराव्यात. कोपरे सर्वांत शेवटी. एका बाजूच्या सगळ्या पिना मारून मग दुसरी बाजू ओढली तर तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या नंतर निघत नाहीत. लेप दिलेले कापड फार जोरात ओढू नये, लेपाला तडे जातात. या कामाला दोन माणसे लागतातच.

रंगरेषा
सूचना मागे ठेवली याचा राग नाही, ओलीपुढे कोणाचे चालत नाही. फक्त चौकटीला सगळीकडून प्रायमरचा एक हात द्यावा, विशेषतः कापलेल्या टोकांना. लाकूड ओलावा तिथूनच जास्त ओढते.

माडबन
आणि चौकटीच्या मागे भिंतीपासून इंचभर जागा सुटेल असे लाकडी ठोकळे लावावेत. हवा खेळती राहिली तर ओल असलेल्या भिंतीवरही कापड टिकते.

गच्चीवरचा
काठाला काळी मखमल लावायची असेल तर ती वेगळ्या पातळ पट्ट्यांवर चिकटवून वरून स्क्रूने बसवावी. कापडावर थेट चिकटवली तर गोंद पुढे येऊन पिवळा पडतो. तीन इंच रुंदी पुरे. चित्र काठावर अर्धा इंच सांडले तरी मखमल ते गिळून टाकते, त्यामुळे प्रोजेक्टर तंतोतंत जुळवत बसावे लागत नाही. फक्त मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला ठेवावी, नाहीतर एक पट्टी काळी आणि दुसरी राखाडी दिसते.

उंबरठा
मखमलीच्या तीन-तीन इंचांचा हिशेब चौकटीच्या मापात धरायचा का? म्हणजे ८० बाय ४५ हे चित्राचे माप की चौकटीचे?

सुतारपक्षी
ते चित्राचे माप. मखमल चौकटीवरच बसवणार असाल तर चौकट बाहेरून ८६ बाय ५१ इंचांची होईल, आणि मग ५४ इंची पन्ह्यात वरखाली दीड-दीड इंचच उरेल. दोन इंची पट्टीवर मागे पिना मारायला ते अपुरे आहे. त्यापेक्षा चौकट ८२ बाय ४७ करावी, कापड त्यावर ताणावे आणि मखमलीच्या पट्ट्या चौकटीच्या बाहेर दोन इंच येतील अशा बसवाव्यात. आत एक इंच टेकायला पुरतो. ११० इंची पन्हा मिळाला तर हा सगळा हिशेब विसरून जावा.

उंबरठा
दुकानदाराने ११० इंची कापड आठवड्याने येईल असे सांगितले आहे. तोवर चौकटीचे लाकूड आणून ठेवते.